लीड्सचे चर्च अवघे 1841 सालचे? व्हिक्टोरियन पॅरिश चर्चच्या बांधणीविषयी काही प्रश्न

मांडवीकाठ (पणजी)

माझी मुलगी सध्या इंग्लंडमध्ये लीड्स येथे शिकत आहे. तिथल्या मुख्य पॅरिश चर्चची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतली वस्ती), म्हणजे आता ज्याला लीड्स मिन्स्टर म्हणतात त्या सेंट पीटर्स चर्चची, बरीच छायाचित्रे तिने पाठवली आहेत. काळवंडलेला दगड, टोकदार कमानी, दगडी जाळीच्या उंच खिडक्या आणि बुरुजाच्या कोपऱ्यांवर उभे सुळके पाहून कोणीही ती वास्तू चौदाव्या शतकातली म्हणेल. प्रत्यक्षात ती 1837 ते 1841 या काळात उभी राहिली. म्हणजे लीड्स ते सेल्बी अशी रेल्वे 1834 मध्ये सुरू झाल्यानंतर, गिरण्यांच्या धुराड्यांनी शहर वेढले जात असताना, तिथल्या लोकांनी पाचशे वर्षे जुन्या धाटणीचे चर्च मुद्दाम बांधले.

आपल्याकडे काळ आणि रूप यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो. पणजीच्या चर्चची स्थापना 1541 ची, आताची इमारत 1619 च्या सुमाराची, आणि तिच्याकडे पाहिल्यावर ती पोर्तुगीज अमदानीतली आहे हे सांगावे लागत नाही. चुन्याने पांढरा केलेला दर्शनी भाग, आत सोनेरी मुलामा दिलेली उंच वेदी, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या या सगळ्यांची आपल्या डोळ्यांना सवय आहे. इंग्लंडच्या बाबतीत मात्र मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. यंत्रयुगातल्या समाजाला, आणि तोही प्रोटेस्टंट समाज, मध्ययुगीन कॅथलिक काळातले रूप का हवेसे वाटले? खरोखर जुने चर्च आणि व्हिक्टोरियन चर्च यांतला फरक सामान्य माणसाला कसा ओळखता येईल? आणि आपल्या साळगावचे माय दे देऊस चर्च, जे 1873 चे आहे आणि तसेच सुळक्यासुळक्यांचे दिसते, ते याच प्रवाहातले मानावे का? जाणकारांनी सवडीने लिहावे.

यॉर्कशरस्थ पेडणेकर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे मागे जाऊन द्यावे लागेल, कारण व्हिक्टोरिया राणी 1837 मध्ये गादीवर आली तेव्हा या गोष्टीची सुरुवात होऊन गेली होती. औद्योगिक शहरांची लोकसंख्या भराभर वाढली आणि तिथल्या जुन्या पॅरिशांच्या चर्चांमध्ये लोकांना बसायला जागा पुरेनाशी झाली. बरीचशी बाके भाड्याने दिलेली किंवा प्रतिष्ठित घराण्यांच्या मालकीची असत, त्यांना कुलूपबंद दारेसुद्धा असत, आणि गरिबाने कुठे बसावे हा प्रश्नच होता. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर, फ्रान्ससारखी क्रांती इथेही होईल या धास्तीपोटी, पार्लमेंटने 1818 मध्ये नव्या चर्चांसाठी दहा लाख पौंड मंजूर केले आणि 1824 मध्ये आणखी पाच लाखांची भर घातली. त्या पैशातून जी चर्चे उभी राहिली त्यांतली पुष्कळशी गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन धाटणीची होती, पण ती श्रद्धेपोटी नव्हे. ग्रीक धाटणीचे खांब आणि दर्शनी मंडप यांपेक्षा विटांच्या साध्या पेटीला टोकदार खिडक्या लावणे स्वस्त पडत असे, हे त्याचे खरे कारण. या चर्चांत प्रवचन सर्वांना ऐकू जावे म्हणून तीन बाजूंना लाकडी सज्जे असत आणि वेदीसाठी पूर्वेला जेमतेम एक कोनाडा सोडलेला असे.

गॉथिकला तत्त्वज्ञानाची जोड मिळाली ती त्यानंतर. 1817 मध्ये टॉमस रिकमन यांनी इंग्लंडच्या मध्ययुगीन वास्तूंचे नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर असे जे टप्पे पाडून दिले, ते आजही प्रत्येक चर्चच्या माहितीपत्रकात वापरले जातात. पुढे ऑगस्टस पुगिन या तरुण वास्तुविशारदाने, जो विशीतच कॅथलिक झाला होता, 1836 आणि 1841 मध्ये दोन पुस्तके लिहून असे बजावले की गॉथिक ही अनेक शैलींपैकी एक शैली नसून ख्रिस्ती समाजाची बांधण्याची स्वाभाविक रीत आहे. सोय, बांधकाम आणि औचित्य यांपैकी कशासाठीही जे आवश्यक नाही ते इमारतीत असू नये, आणि नक्षी करायचीच तर ती बांधकामाच्या खऱ्या अवयवांवर करावी, वरून चिकटवू नये, ही त्याची दोन सूत्रे पुढच्या दोन पिढ्यांनी पाठ केली. स्टॅफर्डशरमधल्या चीडल येथे त्याने 1841 ते 1846 या काळात बांधलेले सेंट जाइल्स चर्च आतून इतके रंगवलेले आहे की भिंतीचा वीतभर भागही कोरा सोडलेला नाही.

प्रोटेस्टंटांनी हे कसे स्वीकारले, हा आपला प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या आतच 1833 पासून ऑक्सफर्डमध्ये एक चळवळ सुरू झाली होती. आपले चर्च हे आठव्या हेन्रीने काढलेले सरकारी खाते नसून प्रेषितांपासून अखंड चालत आलेली संस्था आहे, असा तिचा आग्रह होता. 1839 मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी कॅम्डेन सोसायटी स्थापून हाच आग्रह दगडविटांपर्यंत नेला. जॉन मेसन नील आणि बेंजामिन वेब हे तिचे चालक. 1841 पासून त्यांचे मासिक निघू लागले आणि नव्या बांधलेल्या चर्चांची त्यात अक्षरशः तपासणी होऊ लागली. वेदीचा भाग आखूड ठेवला, बाप्तिस्म्याचे कुंड दाराजवळ ठेवले नाही, सज्जे बांधले, प्रवचनाचा उंच मंच मधोमध ठेवून वेदी झाकून टाकली, यांपैकी काहीही केले असेल तर त्या वास्तुविशारदाची धडगत नसे. पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलांनी देशभरच्या पाद्र्यांना आणि वास्तुविशारदांना धाकात ठेवावे, हा प्रकार मला आजही गमतीचा वाटतो.

त्यामुळे ही चर्चे पाहताना आधी नकाशा पाहावा आणि शैली नंतर. आपल्या देवळात जसे सभामंडप आणि गर्भगृह हे दोन वेगळे भाग असतात आणि गर्भगृहाचे वेगळेपण उंची, उजेड आणि उंबरा यांतून जाणवते, तसेच इथे लोकांनी बसायचे लांब दालन आणि वेदीचा भाग, म्हणजे चॅन्सेल, हे दोन ठळक वेगळे भाग हवेत असा कॅम्डेनवाल्यांचा हट्ट होता. चॅन्सेलचे छप्पर बाहेरूनच थोडे खाली दिसले पाहिजे, आत शिरताना पायऱ्या चढाव्या लागल्या पाहिजेत, मध्ये लाकडाची किंवा लोखंडाची जाळीदार ओट हवी, आणि जमिनीवरच्या फरश्या वेदीकडे जाऊ लागल्या की अधिकाधिक नक्षीदार होत गेल्या पाहिजेत. दालनाच्या दोन्ही अंगांना खांबांच्या रांगेपलीकडे पडव्या, दक्षिणेला द्वारमंडप, पश्चिमेला कुंड. बाहेर उभे राहून छपरे मोजली तरी आत कोणता भाग कुठे असेल ते सांगता यावे, इतके ते गणित पक्के होते.

आता लीड्सविषयी. तिथले व्हिकर, म्हणजे पॅरिशचे मुख्य पाद्री, वॉल्टर हुक हे 1837 मध्ये आले. जुनी इमारत दुरुस्त करण्याचा विचार होता, पण ती इतकी खिळखिळी निघाली की पाडूनच टाकावी लागली, आणि रॉबर्ट डेनिस चँट्रेल यांनी नवे चर्च बांधले. ते कॅम्डेन सोसायटीचा दरारा बसण्याआधीचे आहे, म्हणून त्यात जुने आणि नवे शेजारी नांदताना दिसतात. आपल्या मुलीला आत गेल्यावर लाकडी सज्जे दिसतील, जे पुढच्या वीस वर्षांत कोणी बांधू धजले नसते. त्याच वेळी पांढरे झगे घातलेल्या गायकवृंदासाठी चॅन्सेलमध्ये समोरासमोर आसने दिसतील. ही व्यवस्था तोवर कॅथेड्रलांपुरती होती. ती एका पॅरिश चर्चमध्ये आली आणि पुढे खेड्यापाड्यांतल्या चर्चांनी तिचे अनुकरण केले. पाडकामाच्या वेळी जुन्या भिंतींत अँग्लो-सॅक्सन काळातल्या कोरीव क्रूसाचे तुकडे सापडले होते. ते जोडून उभा केलेला उंच क्रूस आत आहे, तो चुकवू नये.

चिरेबंदी (फोंडा)

पेडणेकर यांनी विचारांची बाजू मांडली आहे. मी बांधकाम क्षेत्रातला असल्याने दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

सर्वांत खात्रीची खूण दगडाच्या कडा ही आहे. मध्ययुगीन गवंड्याने हाताने घडवलेल्या चिऱ्यांच्या थरांची उंची कमीजास्त असते, भिंत किंचित ओळंब्याबाहेर गेलेली असते, आणि एकाच भिंतीत तीन शतकांच्या खिडक्या शेजारीशेजारी सापडतात, कारण प्रत्येक पिढीने आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घातलेली असते. व्हिक्टोरियन चर्च बहुधा एकाच नकाशावरून एका दमात बांधलेले असते. थर समान, कोपरे धारदार, आणि सगळ्या खिडक्या एकाच घराण्यातल्या. छपराचा उतार तीव्र असतो आणि त्यावर दोन-तीन रंगांच्या स्लेटचे, म्हणजे पातळ पाटीदगडाचे, पट्टे काढलेले असतात. खांबांच्या माथ्यावरची पाने इतकी नीट कोरलेली असतात की झाड ओळखता येते.

आत गेल्यावर खाली पाहावे. मेणाच्या रंगाची आणि विटकरी नक्षी असलेल्या, एका मातीत दुसऱ्या रंगाची माती भरून भाजलेल्या फरश्या दिसल्या, तर त्या बहुतेक स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरातल्या मिंटन किंवा तशाच दुसऱ्या कारखान्यातल्या असतात. मध्ययुगातले भिक्षू अशा फरश्या करीत. ती कला लोपली होती. 1830 मध्ये तिच्या यांत्रिक पद्धतीचे पेटंट घेतले गेले आणि हर्बर्ट मिंटन यांनी ती बाजारात आणली. जमिनीत लोखंडी जाळ्या बसवलेल्या दिसल्या तर त्यांखाली गरम पाण्याचे किंवा गरम हवेचे मार्ग आहेत असे समजावे. आणि चॅन्सेलला लागून ऑर्गनसाठी स्वतंत्र खोली असेल, तर ती खोली बहुधा एकोणिसाव्या शतकातली, मग बाकीचे चर्च कितीही जुने असो. पूर्वी खेड्यांतल्या चर्चमध्ये पश्चिमेच्या सज्ज्यात बसून गावचेच वादक फिडल आणि बासरीसारखी वाद्ये वाजवीत. त्यांना व्हिक्टोरियन पाद्र्यांनी घरी बसवले आणि त्यांच्या जागी ऑर्गन आला.

हे सारे नकलेपुरते असते तर मला त्यात रस वाटला नसता. माझ्या मते या काळातली खरी झेप विटेत आहे. ब्रिटनमध्ये विटांवरचा कर 1850 मध्ये उठला. त्याच वर्षी लंडनमध्ये मार्गारेट स्ट्रीटवर विल्यम बटरफील्ड यांच्या ऑल सेंट्स चर्चचे बांधकाम सुरू झाले आणि 1859 मध्ये त्याचा अभिषेक झाला. जागा जेमतेम 100 फूट लांबीरुंदीची, तिन्ही बाजूंना घरे. त्यात चर्च, पाद्र्यांचे निवासस्थान आणि गायक मुलांची शाळा बसवायची होती. बटरफील्ड यांनी मध्ये एक लहानसे अंगण ठेवून दोन इमारती रस्त्यालगत पुढे काढल्या, चर्च मागे सारले आणि 227 फुटांचा मनोरा सरळ वर नेला. भिंती लाल विटेच्या, पण त्यांत काळ्या विटेचे आडवे आणि नागमोडी पट्टे विणलेले आहेत. हे पट्टे रंगवलेले नाहीत. विटेचा रंगच बांधणीत गुंफला असल्यामुळे लंडनचा धूर आणि पाऊस यांना ते पुरून उरले. धुऊन काढले की नक्षी पुन्हा जशीच्या तशी. आत तर संगमरवर, अलाबास्टर, चकाकत्या फरश्या यांची अशी गर्दी आहे की काहींना ती सोसवत नाही. मध्ययुगात असे काही नव्हते. इटलीच्या रंगीत दगडांच्या भिंतींविषयी कलासमीक्षक जॉन रस्किन त्याच सुमारास लिहीत होते आणि ती कल्पना कारखान्यातल्या भाजलेल्या विटेत उतरली. जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांचे पिमलिकोतले सेंट जेम्स द लेस हे चर्चही त्याच वाटेवरचे.

छताचेही तसेच. स्वस्तातल्या जुन्या गॉथिक चर्चांत कमानदार छत म्हणून लाकडी पट्ट्यांवर गिलावा चढवून काम भागवत असत. जॉन लव्हबरो पिअर्सन यांनी 1870 च्या दशकात किलबर्नच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये दगडी फासळ्या टाकून त्यांमधली जागा विटेने खरोखर वळवली, आणि त्या छताचा बाहेरच्या बाजूला रेटा पेलणारे धिरे चतुराईने इमारतीच्या आत ओढून त्यांना कमानी पाडल्या. मी स्वतः कमानीचे सेंटरिंग, म्हणजे बांधताना द्यायचा तात्पुरता आधार, उभे केले आहे, त्यामुळे ते काम किती अवघड आहे याची मला कल्पना आहे.

जुना म्हापशेकर

चिरेबंदी यांच्या उत्साहाला थोडा आवर घालावासा वाटतो. वेल्सची स्लेट, स्टोकच्या फरश्या, बर्मिंगहॅमच्या हार्डमन कंपनीच्या रंगीत काचा, कॉव्हेंट्रीच्या स्किडमोरचे लोखंडी काम हा सगळा माल रेल्वेने यायचा आणि मग त्यातून जुन्या काळच्या भाविक कारागिरांची आठवण करून देणारी वास्तू तयार व्हायची. यंत्राने आणलेली आणि गिरणीच्या नफ्यातून उभी राहिलेली ही हस्तकलेची भक्ती मला तरी पूर्ण पचत नाही. हॅलिफॅक्सजवळ हेली हिल येथे एडवर्ड अ‍ॅक्रॉइड या गिरणीमालकाने 1856 ते 1859 मध्ये ऑल सोल्स चर्च बांधवून घेतले. वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. उत्तम इमारत आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्या टेकडीवर ती उभी आहे तिच्या आसपास त्याच मालकाचे कामगार राहत होते, हे विसरून तिचे मूल्यमापन करणे मला पटत नाही.

साळगावविषयी: माझ्या मते प्रवाह एक नाही, फक्त काळ एक आहे. इंग्लंडमधली शैली एका वादातून आली. वेदी कुठे असावी, बाके कोणाची, गायकांनी कुठे बसावे, या प्रश्नांवर तिथे लोक पोटतिडकीने भांडत होते. आपल्याकडच्या कॅथलिकांना हे प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते, कारण वेदी आणि संस्कार यांचे स्थान कधी ढळलेच नव्हते. साळगावच्या ग्रामस्थांनी जुने गोवे येथील ओस पडलेल्या माय दे देऊस मठातली पूज्य मूर्ती आणून नव्या चर्चमध्ये बसवली आणि चर्चला त्या मठाचेच नाव दिले. म्हणजे परंपरा मूर्तीतून आली, आणि वरचे सुळके हा त्या काळचा युरोपीय साज. तो साज सुंदर आहे, यात शंका नाही. पांढऱ्या रंगात ते गॉथिक हिरव्या शेतांच्या कडेला जितके हलके वाटते तितके यॉर्कशरच्या काळ्या दगडात कधीच वाटणार नाही.

इंग्लंडमधला खरा प्रवाह जवळच पाहायचा असेल तर मुंबईला कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जावे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचे ते स्मारक. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा, अभिषेक 1858 चा, मनोरा पूर्ण झाला 1865 मध्ये. आणि आतली जाळीदार ओट, फरश्या वगैरे काम वर ज्यांचा उल्लेख आला त्याच बटरफील्ड यांच्या आराखड्यांवरून झालेले आहे. स्कॉट यांचे कामही आपण सर्वांनी पाहिलेले आहे, फक्त चर्च म्हणून नव्हे: मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर त्यांचेच.

मांडवीकाठ (पणजी)

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न विचारतो. मुलगी लीड्सच्या उत्तरेला अ‍ॅडेल येथे जाऊन आली. तिथले लहानसे चर्च बाराव्या शतकातले नॉर्मन आहे म्हणतात. पण चिरेबंदी यांनी दिलेल्या खुणा सांगितल्यावर ती आता प्रत्येक जुन्या चर्चमध्ये व्हिक्टोरियन फरशी आणि बाके शोधत असते आणि तिला ती सापडतातही. मग मध्ययुगीन म्हणून जे दाखवले जाते त्यातले खरे जुने किती?

चिरेबंदी (फोंडा)

आपल्या मुलीचे निरीक्षण अगदी योग्य आहे. 1840 ते 1875 या काळात इंग्लंडमधल्या सात हजारांहून अधिक जुन्या पॅरिश चर्चांचा जीर्णोद्धार झाला आणि नव्या-जुन्या चर्चांवर मिळून सुमारे अडीच कोटी पौंड खर्च झाले. व्हिक्टोरियन हात न लागलेले जुने चर्च इंग्लंडमध्ये शोधावेच लागते. त्यातले बरेच काम अत्यावश्यक होते, हे आधी मान्य केले पाहिजे. छपरे गळत होती, भिंती फुगल्या होत्या, आणि स्कॉट, स्ट्रीट यांच्यासारख्यांनी हात घातला नसता तर अनेक इमारती आज नसत्याच. पण दुरुस्तीच्या जोडीला एक हव्यासही आला. चौदाव्या शतकाची शैली सर्वश्रेष्ठ ठरल्यामुळे पंधराव्या शतकातली चांगली खिडकी काढून तिच्या जागी चौदाव्या शतकात असावी अशी, म्हणजे पूर्णपणे नवी, खिडकी बसवण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. अठराव्या शतकातली बाके, सज्जे, तीन मजली प्रवचनपीठे यांचे तर सरपणच झाले.

सर्वांत मोठे नुकसान गिलाव्याचे झाले, आणि इथे गोवेकरांनी कान टवकारावेत. मध्ययुगीन चर्चच्या आतल्या ओबडधोबड दगडी भिंतींवर चुन्याचा गिलावा असे आणि त्यावर चित्रे काढलेली असत. दगड उघडा असणे म्हणजे प्रामाणिकपणा, अशी समजूत करून घेऊन जीर्णोद्धार करणाऱ्यांनी अनेक ठिकाणी तो गिलावा खरवडून काढला, सांध्यांत सिमेंट भरले आणि ज्या भिंती कधीच उघड्या राहण्यासाठी बांधल्या नव्हत्या त्या उघड्या पाडल्या. गिलाव्याबरोबर चित्रेही गेली. रस्किन यांनी 1849 मध्येच या प्रकारच्या जीर्णोद्धाराला विध्वंस म्हटले होते. 1877 मध्ये ट्यूक्सबरीच्या मठचर्चचे काम स्कॉट यांच्याकडे जाणार असे समजल्यावर कलावंत आणि लेखक विल्यम मॉरिस यांनी जाहीर पत्र लिहिले आणि त्याच वर्षी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. खरवडण्याला विरोध हीच त्या संस्थेची ओळख झाली. गळती थांबवा, भिंतीला आधार द्या, रोजची निगा राखा आणि बाकी काही सुधारायला जाऊ नका, ही तिची भूमिका आज जगभरच्या जतनशास्त्राचा पाया आहे.

आता जुने गोवे आठवा. बॉम जीझस बॅसिलिका 1594 ते 1605 या काळात बांधली गेली तेव्हा तिच्या चिऱ्यांवर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रो यांच्या देखरेखीखाली तो काढण्यात आला आणि तांबूस चिरा, म्हणजे जांभा दगड, उघडा पडला. आज छायाचित्रांत तिचे जे रूप जगप्रसिद्ध आहे ते त्या खरवडण्यातून आलेले आहे. आपला चिरा सच्छिद्र असतो. खाणीतून काढल्यावर तो हवेने टणक होतो हे खरे, पण वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलण्यासाठी तो उघडा ठेवावा असे जुन्या गवंड्यांना कधी वाटले नाही, म्हणूनच आपली जुनी घरे, देवळे आणि चर्चे दर पावसाळ्यानंतर चुना मागतात. बॅसिलिकेचा दगड झिजतो आहे आणि तिला पुन्हा गिलावा करावा की नाही यावर गोव्यात वाद चालू आहे. आता लोकांना लालच बॅसिलिका खरी वाटते, हीच यातली अडचण. इंग्लंडमध्येही ज्या भिंती व्हिक्टोरियन लोकांनी उघड्या केल्या, त्या तशाच असाव्यात असे भाविकांना वाटते, आणि कोणी पुन्हा चुना लावू म्हटले की गाव एकत्र येऊन विरोध करतो.

देवळांविषयी मी फारसे बोलत नाही. आमच्या भागात एका जुन्या देवळाचा लाकडी कोरीव सभामंडप उतरवून त्या जागी स्लॅब टाकण्याचे काम मला दाखवायला आणले होते, तेव्हा मी नकार दिला. काम दुसऱ्याने केले.

जुना म्हापशेकर

गिलाव्याच्या मुद्द्यावर मी चिरेबंदी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. एकच पुरवणी जोडतो: मॉरिस यांची स्वतःची कंपनी 1861 पासून चर्चांसाठी रंगीत काचा करीत होती आणि जीर्णोद्धारांची कामे हा तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. विरोधाची संस्था काढल्यावर त्यांनी जुन्या चर्चांत नव्या काचा बसवण्याची कामे घेणे बंद केले, म्हणजे तत्त्वासाठी पदरमोड केली. एवढे प्रामाणिक लोक या कथेत फार नाहीत.

यॉर्कशरस्थ पेडणेकर

मांडवीकाठ, आपल्या मुलीला लीड्सहून काय पाहता येईल ते सांगतो.

अ‍ॅडेल तिने पाहिलेच आहे. दक्षिणेकडच्या दाराची नॉर्मन कोरीव कमान पुन्हा एकदा नीट पाहावी, म्हणजे झिजलेला खरा जुना हात कसा दिसतो ते डोळ्यांत बसेल. त्यानंतर हॅलिफॅक्सला जाऊन हेली हिलचे ऑल सोल्स पाहावे. स्कॉट यांनी स्वतःच्या चर्चांत त्याला वरचे स्थान दिले होते, आणि मनोरा 236 फुटांचा आहे. ते आता नियमित उपासनेसाठी वापरात नाही, चर्च जतन करणाऱ्या एका राष्ट्रीय न्यासाकडे आहे, त्यामुळे उघडण्याच्या वेळा आधी विचाराव्यात. दोन्ही लागोपाठ पाहिली की कडांचा आणि थरांचा फरक सांगावा लागणार नाही.

लांब जायची तयारी असेल तर रिपनजवळ स्टडली रॉयल येथे विल्यम बर्जेस यांचे 1870 च्या दशकातले सेंट मेरीज आहे. तिथे दालन तुलनेने साधे ठेवून चॅन्सेलवर सोने आणि रंग यांचा सडा घातलेला आहे. वर मी जो नकाशाचा आग्रह सांगितला तो इतक्या उघडपणे क्वचितच पाहायला मिळतो. स्कारबरोला समुद्र पाहायला गेलीच तर जॉर्ज फ्रेडरिक बॉडली यांचे सेंट मार्टिन्स चुकवू नये. ते 1861 ते 1863 मधले आहे आणि मॉरिस यांच्या कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या काचा तिथे आहेत. काचा पाहायच्या तर सकाळी जावे, कारण वेदीमागची मोठी खिडकी पूर्वेला असते आणि दुपारनंतर तिच्यातला उजेड जातो. दुर्बीण बरोबर असू द्यावी. चांगले काम नेहमी वर असते.